घंगाळातला घोडा

मुंबईच्या चाळीत घोडा पाळता येतो असे मी सांगितले, तर तुम्ही हसाल. पण १९६३ साली गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तीन दिवस एक घोडा मुक्कामाला होता. उंची माझ्या करंगळीहून थोडी अधिक!

रविवारची सकाळ. नानांबरोबर मी चौपाटीवर गेलो होतो. एका कोळ्याने पाग टाकून ओढला. त्यात चार-दोन बोईट, बाकी सारे शेवाळ. त्या शेवाळाला शेपटीचा वेढा घालून हे ध्यान बसलेले. मान घोड्याची, शेपूट माकडाचे आणि अंगावर हाडांचे चिलखत. कोळी हसून म्हणाला, "घे रं पोरा, याचा कालवन व्हत नाय."

"तारापोरवाला मत्स्यालयात नेऊन देऊ या," नाना म्हणाले. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. पण मला घोडा चाळीतल्या पोरांना दाखवायचा होता ना! मी भोकाड पसरले आणि नाना विरघळले. त्या दिवशी त्यांनी मला दोन धपाटे घातले असते तर फार बरे झाले असते.

घरी आईने पाहुण्याला शोभेल असे भांडे काढले: चिंचेने घासून लखलखीत केलेले तांब्याचे घंगाळ. त्यात चौपाटीचे पाणी. मी भाताची शिते टाकली, पावाचा चुरा टाकला. स्वारीने ढुंकूनही पाहिले नाही. त्याचे फुगलेले पोट पाहून आई म्हणाली, "अगबाई, ही तर पोटुशी दिसते!" शेजारच्या काकू डोहाळजेवणाची थट्टा करून गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडला होता.

आमची मायाच त्याला बाधली, हे पुष्कळ वर्षांनी वाचताना कळले. खाऱ्या पाण्यात तांबे उतरते आणि ते माशांना विष. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. कोळंबीच्या जातीचे बारीक जिवंत जीव तो नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो, आणि जठर नसल्यामुळे त्याला सारखे खात राहावे लागते. पोहण्यात तो अगदीच कच्चा, म्हणून शेपटीने काहीतरी धरून राहतो. घंगाळात धरायला होते काय? आणि ती पोटुशी बाई नव्हती हो, बाप्या होता! या जातीत मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. पुढले सारे बाळंतपण बापाचे. म्हणजे त्या घंगाळात मी किती जीव घालवले, तो हिशेब मी अजून टाळतो.

आता असा घोडा घरी आणणे हा गुन्हा आहे. २००१ साली आपल्या सरकारने समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतले. चिनी औषधांसाठी ते वाळवून विकले जातात, त्या परदेशी व्यापारावरही २००४ पासून निर्बंध आले. पण जाळ्याला कायदा कुठे वाचता येतो? समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांत ते अजूनही सापडतात. जिवंत निघालाच, तर शुश्रूषा थोडकी आहे: त्याच समुद्राचे पाणी, प्लास्टिकची बादली, सावली. नळाचे पाणी नको, हवेत उचलून धरणे नको. आणि शक्य तितक्या लवकर, शेवाळ असेल अशा शांत पाण्यात परत.

गेल्या थंडीत चौपाटीवर एक कोळ्याचा पोरगा जाळे झटकताना दिसला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या चिमटीत घोडा.

"अरे बाळा, पाण्यात घाल आधी त्याला!" मी ओरडलोच.

"फोटो काढतोय, आजोबा."

"फोटो पाण्यातला काढ."

माझा चेहरा पाहून असेल, त्याने ऐकले. बादली भरली, घोडा आत सोडला. मग मोबाईल आणि चपला माझ्या हवाली करून तो बादलीसकट कमरेइतक्या पाण्यात गेला. बराच वेळ तिथेच उभा.

"काय रे, झालं काय?"

"आजोबा, बोट धरून बसलाय, सोडतच नाय!"

"हात हलवू नकोस," मी म्हटले, "थांब तसाच."