पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास

सत्र परीक्षा तोंडावर आल्या की बाह्यरुग्ण विभागात महाविद्यालयीन मुलामुलींची संख्या वाढते. डोके दुखते, झोप लागत नाही, पित्त होते, छातीत धडधडते, अशा तक्रारी असतात. बहुतेकांच्या तपासणीत मोठा आजार निघत नाही. थोडे बोलते केले की खरे दुखणे बाहेर येते. "डॉक्टर, दिवसभर वाचतो, पण लक्षातच राहत नाही. माझं डोकंच चालत नाही."

हे निदान मुले स्वतःच करून आलेली असतात आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. पण त्याचे परिणाम खरे असतात. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदन, मंठा, घनसावंगीकडची कितीतरी मुले एसटीच्या पासवर ये-जा करून शिकतात. अनेक घरांतून पदवीपर्यंत पोचणारी ही पहिलीच पिढी आहे. दोन विषय राहिले की मुलगा शिक्षण सोडून कामाला लागतो आणि मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. बुद्धीवर शिक्का मारण्यापूर्वी अभ्यासाची पद्धत तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेकांची पद्धत एकच असते. धडा वाचायचा, ओळींवर रंगीत पेन फिरवायचा, पुन्हा वाचायचा. तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'आलं' असे समाधान मिळते. पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. बाजारात ओळखीचा चेहरा दिसतो, नाव मात्र ओठांवर येत नाही, तसेच हे. परीक्षेत चेहरा ओळखून भागत नाही, नाव सांगावे लागते.

विसरणे हा मेंदूचा स्वभाव आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे मांडले. अर्थहीन अक्षरगट पाठ केले, तर तासाभरात निम्म्याहून अधिक आणि दिवसभरात सुमारे दोन तृतीयांश पाठांतर वाया जात होते. अर्थ समजलेला मजकूर यापेक्षा जास्त टिकतो, पण उजळणी नसेल तर तोही ओसरतो.

मग उपाय काय? सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधील प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. काही उतारे विद्यार्थ्यांनी दोनदा वाचले, तर काही एकदाच वाचून नंतर न बघता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचलेले उतारे सरस ठरले, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचलेले ४२ टक्केच आठवले, लिहून काढलेले ५६ टक्के. वाचन लगेच खूश करते, आठवण्याचा सराव परीक्षेपर्यंत साथ देतो.

म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी गोळीआधी एक वही सांगतो. आठवडाभर रोज चार गोष्टी लिहायच्या: काय वाचले, पुस्तक मिटून किती लिहिता आले, मोबाइल किती वेळा हातात घेतला, किती तास झोप झाली. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची नोंद बोलकी होती. अभ्यासिकेत तो रोज आठ तास बसायचा, पण पुस्तक मिटून लिहिण्याचा रकाना सहा दिवस कोरा होता. त्याने बैठक पाच तासांवर आणली. प्रत्येक प्रकरणानंतर कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे आणि राहिलेले मुद्दे दुसऱ्या शाईने भरायचे, असे सुरू केले. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा आठवायचा. एसटीतला तास त्याने यासाठीच ठेवला, कारण त्याला पुस्तक लागत नाही.

आता झोपेबद्दल. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसवण्याचे मोठे काम झोपेत होते. जागरण करून वाचणे म्हणजे पेरणी करून पाणी तोडणे. महाविद्यालयीन वयात किमान सात तास झोप हवीच. रात्री दहाला घेतलेल्या कडक चहातील जवळपास निम्मे कॅफीन पहाटे तीनपर्यंत शरीरात असते, हेही लक्षात ठेवावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. रक्त कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही. 'पोरीचं अभ्यासात मन नाही' म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. सरकारी दवाखान्यात ही साधी तपासणी होते. आणि उदासी, भीती, जगणे नकोसे वाटणे असे काही असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी लगेच डॉक्टरांना भेटावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

सगळा भार मुलांवर टाकूनही चालणार नाही. सत्राच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असेल, तर मुले शेवटच्या पंधरा दिवसांत झेरॉक्स नोट्स घोकणारच. प्राध्यापकांनी दर आठवड्याला दहा मिनिटांची, गुण न धरणारी चाचणी घेतली, तर आठवण्याची सवय वर्गातच लागेल. त्यासाठी इमारत लागत नाही की निधी.

पालकांनी 'किती तास बसलास?' हा प्रश्न आता सोडून द्यावा. 'आज काय शिकलास ते मला समजावून सांग' असे म्हणावे. आई चौथीपर्यंतच शिकलेली असली तरी बिघडत नाही, उलट तीच चांगली परीक्षक ठरते. तिला कळेल अशा शब्दांत, पुस्तक न उघडता सांगता आले, तर तो धडा मुलाचा झाला असे समजावे.