खोट्या कुस्तीतले खरे मरण

‘ही कुस्ती खोटी असते रे!’ असे म्हणून आपण मुलांना टीव्हीसमोरून उठवतो. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरेच. पण आपटणे खरे असते. एडी गरेरो १३ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत मिनियापोलिसच्या हॉटेलात गेला. वय अवघे ३८. नशा सोडून त्याला चार वर्षे झाली होती. पण हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच खराब झाल्या होत्या.

या धंद्यात दुखणे दाबायला गोळ्या, शरीर फुगवायला स्टेरॉइड आणि वर सततचे दौरे. एडी गेल्यानंतर, २००६ साली डब्ल्यूडब्ल्यूईने पहिलवानांची नियमित तपासणी सुरू केली.

म्हणून मुलांना नुसते ‘खोटे’ म्हणून उठवू नका. शेजारी बसा आणि त्या फुगलेल्या दंडांची किंमत सांगा.