फुली ‘लाइन’वर नको, ‘कट’वर द्या

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत मुलाच्या तोंडून वर्ज्य शब्दांच्या तक्त्यातला इंग्रजी शब्द निघाला की फळ्यावर त्याच्या नावापुढे फुली पडते. हेतू चांगला आहे, आणि त्यापायी कितीजण आपले रविवार देतात हे मी पाहतो. पण मध्यंतरी ‘लाइन’वर फुली पडली आणि ‘रांग म्हण’ असे मुलाला सांगितले गेले, तेव्हा लिहायलाच हवे असे वाटले. लाइन हा आता मराठी शब्द आहे. तो मुलांकडून काढून घेतला तर मराठीचाच एक चालता-बोलता भाग आपण काढून घेऊ. फुली द्यायची जागा दुसरी आहे.

माझे गाव मासवण. पालघरहून मनोरकडे निघून वाघोबाची खिंड ओलांडली की सूर्या नदीच्या काठी लागते ते. आमच्याकडे लाइन म्हणजे आधी पाण्याची लाइन. धामणी धरणातून सुटलेले पाणी सूर्येतून येते, मासवणच्या पंपिंग स्टेशनात उचलले जाते, धुकटणला शुद्ध होते आणि मोठ्या नळांतून वसई-विरारकडे जाते. ‘लाइन फुटली’ एवढे दोन शब्द कानावर पडले की इथल्या माणसाला रस्त्याकडेला उडणारे पाणी दिसते आणि विरारच्या माणसाला रिकामी टाकी. त्या जागी ‘रांग’ घालून पाहा. ‘नळ फुटला’ म्हटले तर घरातली तोटी डोळ्यांपुढे येते. वर्तमानपत्रे ‘जलवाहिनी’ छापतात. शब्द चांगला आहे, पण पाणी गेल्यावर शेजारणीला हाक मारताना तो कुणी वापरत नाही.

जवळच्या बोईसरला तोच शब्द वेगळा वागतो. ‘कुठल्या लाइनला राहतोस?’ असे विचारले तर उत्तर वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर. १८६०च्या दशकात बी.बी. अँड सी.आय. रेल्वे कंपनीचे रूळ या किनाऱ्याने गेले, पण आमची माणसे खऱ्या अर्थाने ‘वेस्टर्न लाइनची’ झाली ती २०१३ मध्ये, चर्चगेटहून निघालेली लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली तेव्हा. ‘कुठली लाइन धरलीस?’ हा प्रश्न मात्र धंद्याचा. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली, एमआयडीसी वाढली, आणि भातशेतीतली पोरे वेल्डिंगच्या लाइनला, केमिकलच्या लाइनला गेली. सरकारी आयटीआयच्या यादीत फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता अशी नावे छापलेली असतात. कातारी हा तर अस्सल जुना शब्द, मला फार आवडतो. तरी कारखान्याच्या फाटकावर पाटी लागते ती ‘वेल्डर पाहिजे’ अशीच, आणि संधाता म्हणून कुणी कुणाला हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

शेजारच्या नवापूर-दांडीच्या मच्छीमाराला विचाराल तर लाइन म्हणजे कारखान्यांचे सांडपाणी समुद्रात सोडणारी लाइन. या प्रदूषणाविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. त्यांच्या तोंडी या शब्दात किती राग आहे, ते किनाऱ्यावर उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. एवढ्या मोठ्या भांडणात जो शब्द लोक बिनदिक्कत वापरतात, तो परका कसा म्हणायचा?

आणखीही आहेत. विजेची लाइन आणि तिच्यावर चढणारा लाइनमन. पोलीस लाइन, आणि तिथे वाढलेला लाइनबॉय. वाया चाललेला पोरगा लाइनवर येतो. पोरीवर कुणी लाइन मारतो. फोनवर कुणी लाइनवर असतो. गवंडी ओळंब्याने उभे बघतो आणि लाइनदोरीने आडवे.

या लाइनदोरीशी जरा थांबू या. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘लिनेआ’वरून आला, आणि लिनेआ म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचा दोरा. रेघ, रांग, रेल्वे हे सगळे अर्थ नंतरचे. म्हणजे आमच्या गवंड्याने लाइनला दोरी जोडली ती नेमकी त्या शब्दाच्या जन्मखुणेला. त्याला लॅटिन ठाऊक नव्हते, हात मात्र बरोबर ठिकाणी गेला.

व्याकरणानेही लाइनला केव्हाच पदरात घेतले आहे. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही; मराठीने ‘ती लाइन’ ठरवले, भिंत-भिंतीत तसे लाइन-लाइनीत केले, अनेकवचन लाइनी केले. हे कुठल्या समितीने ठरवले नाही. रेशनच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या बायांनी ठरवले. तिथे रांग मागे पडली हे कबूल, पण ती मेली नाही: मुंग्यांची रांगच असते, डोंगरांचीही रांगच, कवितेची ओळच, लग्नात पंगतच.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले, असा दाखला माझ्यापुढे ठेवला जाईल. त्या कामाचा मला आदर आहे; राज्य चालवायला स्वतःच्या भाषेतले शब्द हवेतच. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजू आमच्या किनाऱ्यावर आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतले, चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज फिरंग्यांची सत्ता गेली. पगार, चावी, बटाटा, घमेले हे त्यांचे शब्द राहिले. त्या शब्दांमुळे मराठी दुबळी झाली असे आज कुणी म्हणत नाही.

मग फुली कुठे? माझी कसोटी एकच: शब्दाने अर्थ वाढवले की गिळले? लाइनने वाढवले. ‘कट’ गिळतो आहे. आपली मुले भाजी कट करतात, केस कट करतात, कागद कट करतात, नखे कट करतात, गवतही कट करतात. मराठीत भाजी चिरतात, केस कापतात, कागद कातरतात, नखे काढतात, फांदी छाटतात, पालेभाजी खुडतात, ऊस तोडतात, लाकूड फोडतात. मासवणला दिवाळीच्या सुमाराला भात कापतात आणि पुढे राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडतात. ही दोन कामे एकाच क्रियापदात कोंबली तर ऐकणाऱ्याला विळा की कोयता तेच कळणार नाही. ‘क्लीन’चेही तसेच. भांडी घासायची, मग विसळायची. अंगण झाडायचे, फरशी पुसायची, तांदूळ निवडायचे. एका ‘क्लीन करणे’त हाताच्या पाच हालचाली बुडाल्या.

आणि हे मुलांच्या तोंडून येते त्याच्या आधी आपल्या तोंडून येते. ओट्याशी उभे राहून ‘कांदे कट करून दे’ म्हणणारे आपणच. आपण नामांवर पहारा बसवतो, कारण ती पटकन कानाला खटकतात. क्रियापदे मात्र मुकाट निघून जातात. परदेशात तर ती आधी जातात, कारण शेत नाही, अंगण नाही, लाकडे फोडायची नाहीत. गावीसुद्धा हे चालले आहे. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात, त्यापुढे लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्या गाण्यांतली कामाची क्रियापदे कारखान्यात गेलेल्या तरुणांच्या बोलण्यात आता तुरळक ऐकू येतात. तिथे लाइनमुळे काही गेलेले नाही. काम गेले, त्याबरोबर शब्द गेला.

म्हणून शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्ज्य शब्दांचा तक्ता पुढच्या सत्रापासून काढून ठेवावा. उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात, तेव्हा प्रत्येक मुलाने एक दिवस त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात आणि बागेत काढावा आणि हाताच्या प्रत्येक कामासाठी त्यांनी वापरलेले क्रियापद वहीत लिहून आणावे. मालवणी, वऱ्हाडी, वाडवळी, जे येईल ते, प्रमाण मराठीत न बदलता. सगळ्या वह्या जमल्या की त्यांची एक पुस्तिका दिवाळी अंकाबरोबर छापू. जुळवणीचे आणि मुद्रिततपासणीचे काम मी घेतो.