उसाचं प्लॅस्टिक येतंय, स्वागत आहे. पण दोन प्रश्न!

मंडळी, कात्रज तलावाच्या कडेनं सकाळी चक्कर मारणाऱ्यांना मी नवीन काही सांगत नाही. पिशव्या, ग्लास, वेफर्सची पाकिटं. मार्च २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी आहे, तरी भाजीवाला पिशवी देतो आणि आपण घेतो.

यावरचा एक तोडगा आपल्याच जिल्ह्यात तयार होतोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. तत्त्व सोपं आहे. दही लागताना जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. कात्रज डेअरीच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. तेच काम उसाच्या साखरेवर करायचं आणि आम्लाचे रेणू साखळीसारखे जोडायचे. तयार होतं पीएलए नावाचं प्लॅस्टिक. कच्चा माल खनिज तेल नाही, ऊस!

मला आनंदच आहे. पण...

पहिला प्रश्न कचऱ्याचा. हे प्लॅस्टिक पाण्यात टाकलं की विरघळतं, हा गैरसमज आहे. ते कुजायला साठ अंशांच्या आसपास उष्णता आणि ओलावा लागतो, म्हणजे खास कंपोस्ट प्रकल्पच. आंबील ओढ्यात अडकलेली उसाची पिशवीसुद्धा पाणी तुंबवणारच. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपण विसरलो का?

दुसरा प्रश्न पैशाचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी घातली, मग आठवडाभरात थोडी सैल केली. कारखान्यांचं गणित बिघडलं. म्हणून साखर आणि इथेनॉलपलीकडे तिसरं गिऱ्हाईक हवंच. पण त्यात शेतकऱ्याला काय? रंगराजन समितीनं २०१२ मध्ये साखर आणि मुख्य उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊसउत्पादकाला द्या म्हटलं होतं. पीएलए या हिशेबात कुठे बसतं? इथेनॉलच्या वेळी उशिरा जागे झालो, आता तरी आधी विचारा.

माझं म्हणणं एवढंच. महापालिकेनं हा कचरा वेगळा गोळा करायची सोय आधी करावी आणि शेतकरी संघटनांनी वाट्याचा प्रश्न आजच मांडावा. आणि आपण? दुकानदारानं 'कंपोस्टेबल' म्हणून पिशवी दिली, तर त्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का, ते बघा. नसेल तर परत करा.

नाहीतर कापडी पिशवी आहेच की घरात!

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खुशाल भांडा.