ओल्या जमिनीचा हिशेब

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अतिवृष्टी आणि समुद्राची भरती यांच्याबरोबरच कोळकेवाडी धरणाच्या विसर्गावरूनही त्या वेळी वाद झडला. दोष कोणाचा, हा वाद बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. धरणात उद्या किती पाणी येणार, हे ठरवावयाचे कशावरून?

केवळ पर्जन्यमापकावरून ते ठरत नाही. कारण पाऊस म्हणजे आवक नव्हे. मृगाच्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते. तेवढाच पाऊस पुष्यात पडला, तर भिजून तृप्त झालेल्या उतारांवरून त्याचा मोठा भाग थेट नदीत उतरतो. कोकणातला शेतकरी हे पायाखालच्या मातीवरून ओळखतो. आता ही ओल आकाशातूनही मोजता येते. 2015 साली नासाने सोडलेला ‘स्मॅप’ उपग्रह दोन-तीन दिवसांआड जमिनीच्या वरच्या पाच सेंटिमीटर थरातील ओल मोजू लागला आणि ती माहिती सर्वांना विनामूल्य मिळू लागली. मात्र त्याची मूळ चौकट 36 किलोमीटर बाजूची, म्हणजे कोयनेच्या सुमारे 892 चौरस किलोमीटर पाणलोटाहूनही मोठी. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या ‘निसार’ची नजर कितीतरी बारीक, पण त्याच कक्षेतून त्याच जागेवर तो बारा दिवसांनी परततो. शिवाय सह्याद्रीच्या दाट रानाखालची ओल उपग्रहांना नीट दिसत नाही. तेव्हा पाणलोटात जमिनीवरील मोजणीही हवीच. आकाशातील माहिती फुकट असली, तरी तिची पडताळणी फुकट होत नाही.

परंतु खरी अडचण यंत्राची नाही, जोखमीची आहे. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून घाटाखाली कोळकेवाडीत येते व पुढे वाशिष्ठीस मिळते. विजेला भरलेला जलाशय हवा. पूर अडविण्यास रिकामा. अंदाजावर विसंबून पाणी आधी सोडले आणि पाऊस आला नाही, तर वीज बुडते. सोडले नाही आणि पाऊस आला, तर गाव बुडते. या चुकीचा जाब एकट्या अधिकाऱ्यास द्यावा लागणार असेल, तर तो वाट पाहील, यात नवल ते काय?

म्हणून जमिनीची ओल अमुक झाली की जलाशयात तमुक जागा मोकळी ठेवावी, असा नियम पावसाळ्यापूर्वीच ठरवून जाहीर करावा. नियमानुसार वागून झालेला तोटा शासनाने सोसावा. तो पुराचा विमाहप्ता होय. आज तो हप्ता कोणीच भरीत नाही. नुकसान मात्र नदीकाठचा दुकानदार भरतो.