परीक्षा गेली, पास कोण झालं?

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसले की माझा फोन साताऱ्याला लागतो. माईमावशीला. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. पाय थकलेत, पण पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. मागे एकदा फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "काय गं, तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये म्हणे दहावीची परीक्षाच काढून टाकली?"

मी म्हटलं, "परीक्षा काढली नाही मावशी, परीक्षेची अट काढली."

"म्हणजे परीक्षा आहे, पण नापास झालं तरी चालतं?"

"तसंच काहीसं."

मावशी जरा थांबली आणि म्हणाली, "मग मास्तर सुटले. पोरं सुटली का?"

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज हे लिहायला घेतलंय. आमच्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना हे पटणार नाही. घरच्यांनाही नाही. पण लिहिते.

आधी प्रकरण काय ते सांगते. इथे आपल्यासारखं एसएससी बोर्ड नाही. शाळा गावाच्या, डिप्लोमाही गावाची शाळाच देते. पण १९९३ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मुलांना शिकवणं ही राज्याची घटनात्मक जबाबदारी आहे, गरीब गावांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. लगेच त्याच जूनमध्ये शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा झाला. त्यात एक सौदा होता. राज्य गरीब गावांच्या शाळांना जास्त पैसे देणार आणि त्याबदल्यात सगळीकडे एकच मोजपट्टी लावणार. ही मोजपट्टी म्हणजे एमकॅस. १९९८ मध्ये पहिल्यांदा घेतली. २००३ च्या बॅचपासून दहावीचं इंग्रजी आणि गणित पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही अशी अट आली. २०१० च्या बॅचपासून त्यात विज्ञान आलं. नापास झालात तर बारावीपर्यंत पुन्हा पुन्हा बसता येत असे.

परीक्षा फार अवघड होती का? नाही. बहुतेक मुलं पास होत. दरवर्षीच्या साधारण सत्तर हजार मुलांमध्ये सातशेच्या आसपास मुलं केवळ या अटीमुळे अडकत. शंभरात एक. पण हा एक कोण असायचा? बहुतेक वेळा नुकतं या देशात आलेलं, इंग्रजी शिकत असलेलं मूल, नाहीतर अपंगत्व असलेलं मूल. डॉक्टर-इंजिनिअरांच्या उपनगरातलं मूल त्यात क्वचितच.

त्या सातशेतली एक मुलगी मला माहीत आहे.

मी शनिवारी गावच्या लायब्ररीत मुलांना गणित शिकवते. तिथे ती यायची. ब्राझीलहून पंधराव्या वर्षी आलेली, नववीत दाखल झालेली. गणितात हुशार. आधी आकड्यांची भाषा शिकली, मग इंग्रजी, असं तीच हसत सांगायची. शाळेतले सगळे विषय पास. एमकॅसचं गणित पास, विज्ञान पास. इंग्रजी मात्र दर वेळी थोडक्यात जायचं. शेवटचा निकाल आला तेव्हा बारावी संपत आली होती. जून २०२४ मध्ये तिनं बाकी सगळ्यांसारखाच गाऊन घातला, टोपी घातली, स्टेजवर गेली, टाळ्या झाल्या. घरी जाऊन पाकीट उघडलं तर आत डिप्लोमा नव्हता. 'सर्टिफिकेट ऑफ अटेनमेंट' होतं. म्हणजे, बाई तू शाळेत होतीस, एवढं आम्हाला मान्य आहे. या कागदावर कॉलेजसाठीची केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. तिला नर्सिंगला जायचं होतं. ती बेकरीत कामाला लागली.

पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर २०२४ ला, मतदान झालं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्याच मतपत्रिकेवर दुसरा प्रश्न होता, एमकॅसची अट काढायची का? शिक्षकांची संघटना 'हो' म्हणत होती. गव्हर्नर मॉरा हीली 'नाही' म्हणत होत्या. शंभरातल्या साधारण एकोणसाठ जणांनी 'हो' म्हटलं. त्यात मीही होते. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे होता, दुसरं काही सुचलंच नाही.

आणि तरीही आज मी चिडलेली आहे. ते का, तेही सांगते.

अट गेली. तिच्या जागी काय आलं? गणित, इंग्रजी, विज्ञानाचे वर्ग मुलानं समाधानकारक पूर्ण केले असा दाखला गावाच्या शाळा मंडळानं द्यायचा, म्हणजे झालं. राज्यात तीनशेहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट. 'समाधानकारक' म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. पुढे काय करायचं हे ठरवायला गव्हर्नरनी २०२५ मध्ये एक समिती नेमली. वर्षाच्या अखेरीस तिचा अंतरिम अहवाल आला. त्यात काय सुचवलं असेल? विषय संपला की राज्यानं घ्यायची परीक्षा! सोबत प्रकल्प आणि बाकीचं. म्हणजे आपण दाराबाहेर काढलेली परीक्षा वेगळा सदरा घालून खिडकीतून परत येऊ बघतेय. येईना का. पण मधल्या काळात जी मुलं नववीत होती, त्यांना कुणी सांगितलं की तुमचा नियम नक्की कोणता?

हे फक्त आमच्याच राज्यात नाही. कॅलिफोर्नियात २००६ च्या बॅचपासून अशीच अट होती. २०१५ च्या उन्हाळ्यात परीक्षेचं कंत्राट संपलं म्हणून जुलैची परीक्षाच रद्द झाली. कॉलेजात प्रवेश मिळालेली मुलं लटकली, घाईघाईनं त्यांच्यापुरता वेगळा कायदा करावा लागला. ऑक्टोबरमध्ये अट स्थगित झाली, आणि २००४ पासून केवळ त्या परीक्षेमुळे अडकलेल्यांनाही डिप्लोमा द्या असा हुकूम निघाला. दहा-अकरा वर्षांनी! तोवर त्यातली काही मुलं आईबाप झालेली. टेक्सासनं पदवीसाठी पंधरा परीक्षा ठेवल्या आणि २०१३ मध्ये त्या एकदम पाचवर आणल्या. आपली निम्मी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत मार्च २०२२ मध्ये अकरावीच्या मुलांनी नवी परीक्षा दिली आणि जुलैमध्ये कायदा आला, की ही नुसती चाचणी होती असं समजा.

आणि सातारकरांनी फार हसू नये. आपल्याकडे २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला, भाषांचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. ओरडा झाला. गुण परत दिले, २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के! तीन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी ढ झाली आणि मग एकदम हुशार झाली, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडे. मला तर एवढंच दिसतं की २०१९ च्या बॅचचा नंबर वाईट वेळी लागला.

आता दोन्ही बाजूंच्या लोकांशी थोडं भांडते.

"अट काढली की दर्जा घसरतो" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की वीस वर्षं अट होती, तेव्हा नापास होणाऱ्या शंभरातल्या एकासाठी तुम्ही काय केलं? १९९३ च्या सौद्यात राज्याचाही एक भाग होता, शिकवण्याचा. परीक्षेत मूल नापास झालं की शिक्षा मुलाला. ज्यांनी शिकवायचं होतं त्यांना डिप्लोमाविना राहावं लागलं नाही. थर्मामीटर तोडून ताप जात नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण वीस वर्षं नुसता ताप मोजत बसणाऱ्याला डॉक्टर म्हणत नाहीत.

आणि "आम्ही मुलांना ताणातून मुक्त केलं" म्हणून त्या रात्री फोटो टाकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ज्या मुलाला इंग्रजी येत नव्हतं त्याला मतदानानंतर ते यायला लागलं का? कालपर्यंत निदान दरवर्षी सातशे नावांचा हिशोब तरी लागत होता. आता तीच मुलं डिप्लोमा घेऊन कॉलेजात जातील आणि पहिल्याच सत्रात अडखळतील, तेव्हा त्यांना मोजायलाही कुणी नसेल. न शिकवता पास करणं ही दया नाही. ती फसवणूकच आहे, फक्त गोड बोलून केलेली.

यातलं शहाणपण इथल्या न्यायालयांना केव्हाच सुचलं होतं. फ्लोरिडात सत्तरच्या दशकात अशीच परीक्षा आली, तेव्हा काळ्या मुलांच्या वतीनं खटला झाला. न्यायालय म्हणालं, परीक्षा घ्या, पण आधी पुरेशी सूचना द्या आणि जे शिकवलंय तेच विचारा. वर्णभेदाच्या शाळांत ज्यांची सुरुवात झाली, त्यांचा डिप्लोमा या परीक्षेपायी अडवायचा नाही म्हणून काही वर्षांची बंदीही घातली. सूचना आणि शिकवणी. पन्नास वर्षं होत आली, अजून या दोन गोष्टींवरच गाडी अडलेली आहे.

माझं मागणं फार नाही. नववीत पाऊल टाकताना जो नियम असेल, तोच त्या मुलाला बारावीपर्यंत लागू. बदल त्याच्या फायद्याचा असेल तरच मध्ये करा. एक अट काढायची तर तिच्या जागी काय येणार ते त्याच कागदावर लिहा, समिती मागाहून नेमू नका. मूल अडलं तर त्याला आणखी शिकवण्याचा खर्च राज्याचा. आणि जुन्या नियमात अडकलेल्यांना राज्यानं स्वतःहून पत्र पाठवावं.

हे शेवटचं मागणं त्या मुलीमुळे. नियम बदलल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनाही आपल्या शाळेकडे डिप्लोमासाठी अर्ज करता येतो. पण अर्ज करायला आधी कळायला हवं ना? तिला कुणी कळवलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाव घ्यायला गेले, ती काउंटरवर होती, तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं होतं, आनंदानं उडी मारेल. तिनं हातमोजे काढले, दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तेव्हाही पासच होते?"

काय उत्तर देणार? जूनमध्ये तिला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढंच नोव्हेंबरमध्ये येत होतं. बदललो होतो ते आम्ही मतदार.

तिनं अर्ज केला. डिप्लोमा मिळाला. आता संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जाते आणि शनिवारी पुन्हा लायब्ररीत येते, गणितासाठी नाही, इंग्रजी निबंधासाठी. शाळेत जे चार वर्षांत व्हायला हवं होतं, ते आता आम्ही दोघी एका टेबलाशी बसून करतो.

मावशीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "चला, एक तरी पोर सुटली. बाकीच्यांना पत्र कोण लिहिणार?"