थॅलेसेमिया : लोहाच्या भीतीने ताट का रिकामं करायचं?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या घरी काय काय बंद आहे, हे त्याच्या आईला विचारून पाहा. पालक, बीट, गूळ, खजूर, डाळिंब. मग तीळ आणि नाचणी. कापल्यावर काळं पडतं म्हणून सफरचंदही. (त्या काळं पडण्याचा लोहाशी काही संबंध नाही, सफरचंदात लोह नावापुरतंच असतं.) या यादीमागे माया आहे, भीती आहे आणि कुणीतरी कधीतरी दिलेला अर्धा सल्ला आहे. माझं म्हणणं असं की या यादीतून मुलाचं लोह फारसं कमी होत नाही. पोषण मात्र नक्की कमी होतं.

लोह नेमकं येतं कुठून?

इंजिनीअरिंग केल्यामुळे सवय लागली आहे : आत किती, बाहेर किती, ते आधी लिहायचं. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोह असतं. शरीराकडे जादा लोह बाहेर टाकण्याची सोयच नाही. दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम आपोआप झडतं. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या अंगात वर्षाला सुमारे ७ ग्रॅम लोह जातं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात ते ३ ते ४ ग्रॅम असतं.

आता पालक. शंभर ग्रॅममध्ये लोह सुमारे ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलं दहा टक्केही अंगी लागत नाही. म्हणजे एका पिशवीची बरोबरी करायला रोज शंभर ग्रॅम पालक जवळपास दोन वर्षं खावा लागेल. हे लोह काढायचं काम डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन किंवा रात्रभर पंपाने दिल्या जाणाऱ्या डेस्फेरिऑक्झामाइनचं आहे, भाजीवाल्याचं नाही. थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : मेजरच्या रुग्णांना कमी लोहाच्या आहाराचा फायदा होतो, असा पुरावा नाही. यकृतासारखे लोहाने भरलेले पदार्थ टाळा आणि लोहाच्या गोळ्या कधीही देऊ नका. आपल्याकडच्या अळिवाच्या लाडवांनाही मी त्याच टाळण्याच्या यादीत टाकेन.

एक अपवाद मोठा आहे. ज्यांना रक्त क्वचितच लागतं, त्या इंटरमीडिया प्रकारच्या रुग्णांचं आतडंच गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं. त्यांच्यासाठी ताटातलं लोहही मोजण्याजोगं असतं, आणि जेवणासोबत कोरा चहा घेण्याचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा आहे.

मग कमी काय पडतं?

तीळ, नाचणी, शेंगदाणे, डाळी बंद केल्या की कॅल्शियम आणि झिंकही जातं. झिंक तर आधीच गळत असतं. लोहाला पकडणारी औषधं थोडं झिंकही सोबत नेतात, विशेषतः डेफेरिप्रोन. वाढ खुंटणं, वयात यायला उशीर, ठिसूळ हाडं या तक्रारींमागे हार्मोनच्या ग्रंथींत साचलेलं लोह मुख्य असतं, पण झिंकचा वाटाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थॅलेसेमियाच्या तरुण रुग्णांना १८ महिने रोज २५ मिलिग्रॅम झिंक दिलं गेलं. न घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हाडांतील खनिजं जास्त वाढली. रुग्ण मोजकेच होते, तरी दिशा स्पष्ट आहे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट पुण्याला नवी नाही. भरपूर ऊन असलेल्या या शहरात धडधाकट माणसांतही त्याची कमतरता सापडते. थॅलेसेमियात हाडं आधीच पोखरलेली असल्याने ती अधिक महागात पडते. पण म्हणून ६०,००० युनिटची पाकिटं तपासणीविना वर्षानुवर्षं घेणंही चुकीचंच. जादा कॅल्शियमचा त्रास मूत्रपिंडाला होतो.

क जीवनसत्त्व सर्वांत फसवं. डेस्फेरिऑक्झामाइनसोबत डॉक्टर ते अल्प प्रमाणात देतात, कारण त्याने साठलेलं लोह सुटून औषधाच्या हाती लागतं. औषध चालू नसताना मोठ्या मात्रेत घेतलं तर तेच सुटलेलं लोह हृदयाला घातक ठरू शकतं. वरणावर लिंबू पिळा, पण चघळायची ५०० मिलिग्रॅमची गोळी परस्पर नको.

गोळीत लपलेलं लोह

फॉलिक अ‍ॅसिडची गरज प्रामुख्याने कमी रक्त लागणाऱ्यांना असते. पण ते दुकानात मागितलं की बऱ्याचदा लोहासोबतची गोळी हातात पडते. शाळेत ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’मधून १० ते १९ वयोगटाला दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही ६० मिलिग्रॅम लोह असतं. सामान्य मुलांसाठी ती चांगलीच आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला ती नको, हे वर्गशिक्षकांना लेखी कळवावं.

यात माझाही हिशेब आहे. मी मायनर, म्हणजे वाहक. कॉलेजमध्ये हिमोग्लोबिन १०च्या आसपास राहायचं म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. आकडा हलला नाही, पोट मात्र बिघडलं. फेरिटिन आणि एचबीए२ तपासायचं कुणालाच सुचलं नव्हतं. वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते, पण ती फेरिटिन पाहून ठरते, अंदाजाने नव्हे.

रेशनच्या फोर्टिफाइड तांदळाबद्दल वाचक विचारतात. त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. रोज दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर वर्षभरात शरीरात मुरणारं लोह एका पिशवीइतकंही भरत नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठीची पाकिटावरची सूचना २०२४ मध्ये काढली गेली. मेजरपुरतं ते पटतं. इंटरमीडियासाठी मात्र ती ओळ राहू दिली असती, तर काही बिघडलं नसतं.

रक्त चढायला तीन-चार तास लागतात. मूल खाटेवर असतं, सुई लागलेली असते, आई शेजारी बसलेली असते. वर्षातून एकदा त्याच वेळी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि झिंकसाठी एक जादा ट्यूब घ्यावी आणि डे-केअरमध्ये आहारतज्ज्ञाने महिन्यातून एक सकाळ त्या खाटांजवळ घालवावी, एवढीच माझी मागणी आहे. रुग्णालयांनी हे सुरू करेपर्यंत घरी एक करता येईल : मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट किंवा फेरिक पायरोफॉस्फेट यांपैकी काही लिहिलेलं दिसलं, तर ती बाटली दुकानातच परत द्या.